जोडीदार गेला, मागे राहिलेल्या सशाला ई-क्युनिक्युलायपासून कसे जपायचे?

मृण्मयी_के
नमस्कार. आमच्याकडे दोन ससे होते, कापूस आणि तिळू. कापूस नुकताच गेला. आधी त्याची मान एका बाजूला कलली, मग बुबुळे डावी-उजवीकडे सारखी हलू लागली. उठायला गेला की गडबडा लोळायचा. डॉक्टरांनी कान तपासले, एक्स-रे काढला, कानात काही सापडले नाही. रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन मात्र खूप वाढलेले होते. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय (ई-क्युनिक्युलाय) या परजीवीचा दाट संशय आहे असे सांगून त्यांनी लगेच औषध सुरू केले, पण तोवर मूत्रपिंडे निकामी होत आली होती.

आता तिळू एकटी आहे. चार वर्षांची, वजन १.८ किलो, नसबंदी झालेली. दोघे एकाच ट्रेमध्ये शू करायचे, एकाच वाडग्यातले पाणी प्यायचे, एकमेकांना तासन्‌तास चाटायचे. आज तिच्यात एकही लक्षण दिसत नाही. पण ती त्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि निम्मेच खाते.

हा आजार शूमधून पसरतो असे कळले. मग तिला आधीच लागण झाली असेल का? औषध आत्ताच द्यावे की लक्षणांची वाट पाहावी? आणि कापसाच्या सगळ्या वस्तू टाकून द्याव्यात का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. तिला काही होऊ द्यायचे नाही.

मोगरा
मृण्मयी, कापसाचे वाचून फार वाईट वाटले. परजीवीचे जाणकार लिहितीलच. मी आधी खाण्याबद्दल लिहिते, कारण त्याला उशीर चालत नाही.

सशाचे आतडे सतत चालू लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. ती निम्मे खाते आहे म्हणजे आत्ताच सावध व्हायला हवे. लेंड्यांवर नजर ठेवा. बारीक, कोरड्या, माळेसारख्या केसात ओवलेल्या दिसल्या तर आतडे मंदावले आहे. कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला असे वासाचे काहीतरी ओले करून तोंडाजवळ धरा. वाळलेले गवत तिच्या बसायच्या जागी नेऊन ठेवा. ती उठून येईल याची वाट पाहू नका. पोट फुगून टणक लागत असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

आणि तिच्यासोबत जमिनीवर बसा. आमचा ससा असाच एकटा पडला होता तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून भाजी निवडायचे. हात लावायचे नाही, फक्त शेजारी. तेवढ्याने तो खाऊ लागला.

डॉ_रानजाई
मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे ससे बरेच येतात. मृण्मयीताई, तुमचे प्रश्न एकेक करून घेते.

तिळूला लागण झाली आहे असे धरूनच चाला. दोघे वर्षानुवर्षे एका ट्रेवर होते. पण लागण होणे आणि आजारी पडणे यात फार अंतर आहे, ते आधी मनात नीट बसवा. ब्रिटनमध्ये दिसायला ठणठणीत अशा पाळीव सशांचे रक्त तपासले तेव्हा निम्म्याच्या आसपास सशांमध्ये या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्यातले बहुतेक ससे आयुष्यभर कधी आजारी पडत नाहीत. सशाची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ती कमी पडली की मेंदू, मूत्रपिंड किंवा डोळ्याचे भिंग यांपैकी कुठेतरी त्रास उमटतो.

प्रतिकारशक्ती कमी पडण्याचे एक कारण ताण आहे. म्हणून मी हे दोन वेगळे प्रश्न मानत नाही. तिळूचे दुःख सांभाळणे हा तिच्या उपचाराचाच भाग आहे.

औषध फेनबेंडॅझोल. मात्रा दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तोंडाने, सलग २८ दिवस. जोडीतला एक या आजाराने गेला असेल तर मी दुसऱ्याला लक्षणांची वाट न पाहता हा पूर्ण कोर्स देते. सगळे पशुवैद्य असे करत नाहीत. काही जण आधी रक्ताची तपासणी करून ठरवतात आणि तेही चूक नाही. पण एवढा जवळचा संपर्क असताना माझा कल औषधाकडे आहे.

आता मात्रेचे काळजीपूर्वक वाचा. आपल्याकडे हे औषध मुख्यतः गुराढोरांसाठी मिळते. तिळूचे वजन १.८ किलो, म्हणजे रोज ३६ मिलिग्रॅम. गाईम्हशींच्या दीड ग्रॅमच्या एका गोळीत तिचे जवळजवळ ४२ दिवसांचे औषध आहे! ती गोळी घरी चाकूने कापून अंदाजाने देऊ नका. पातळ औषधातही फरक असतो. अडीच टक्क्यांच्या बाटलीत दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असते, तिथे साधारण १.४ मिलिलिटर लागेल. दहा टक्क्यांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १००, तिथे ०.३६. बाटली बदलली आणि सिरिंजवरचा आकडा तोच राहिला तर चौपट औषध पोटात जाते. बाटलीवरची टक्केवारी दाखवून आपल्या डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या.

या गटातल्या औषधांनी क्वचित अस्थिमज्जेवर परिणाम होतो, पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणून सुरुवातीला एकदा आणि मध्यावर एकदा रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी. हिरड्या फिकट दिसल्या, ससा गळून गेला तर औषध थांबवून लगेच दाखवा. अल्बेंडॅझोल याच कुळातले आहे, पण त्याचा धोका जास्त, म्हणून फेनबेंडॅझोलऐवजी ते देऊ नये. आणि तिळूचे युरिया-क्रिएटिनिन आत्ताच तपासून घ्या. आज आकडे चांगले आले तरी ते पुढच्या तुलनेला उपयोगी पडतात.

यावर लस नाही.

सूक्ष्मदर्शी
मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. ससा पाळलेला नाही, पण या जीवाबद्दल थोडे सांगू शकतो, कारण स्वच्छता कशी करायची ते त्यावरूनच ठरते.

हा जंत नाही आणि जिवाणूही नाही. मायक्रोस्पोरिडिया नावाच्या गटातला, पेशीच्या आत शिरूनच वाढणारा जीव आहे. १९२२ साली सशांच्या एका लकव्यासारख्या आजाराचे वर्णन झाले, त्यात तो पहिल्यांदा दिसला, आणि १९२३ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पुष्कळ वर्षे त्याला आदिजीवांत गणत. आता त्याचे नाते बुरशीशी जास्त जवळचे मानतात. त्याचा बीजाणू जेमतेम अडीच मायक्रॉन लांबीचा. त्यात एक गुंडाळलेली नळी असते. ती झटक्यात बाहेर पडून सशाच्या पेशीत घुसते आणि आतला ऐवज तिथे सोडते.

बीजाणूला जाड कवच असते, त्यामुळे तो शूमधून बाहेर पडल्यावर घरातल्या तापमानात चार ते सहा आठवडे टिकू शकतो. लागण झाल्यावर साधारण महिन्याने ससा शूमधून बीजाणू टाकू लागतो, दुसऱ्या महिन्यात ते प्रमाण सर्वांत जास्त असते, तीन महिन्यांनंतर बहुधा थांबते किंवा अधूनमधून होते. म्हणजे ज्या सशाची मान वाकडी झाली आहे तो त्या दिवशी बीजाणू टाकत असेलच असे नाही. लक्षणे बऱ्याचदा खूप नंतर येतात.

कवच जाड असले तरी नेहमीच्या जंतुनाशकांना तो दाद देतो. उकळते पाणी, ७० टक्के अल्कोहोल, पातळ केलेले ब्लीच, क्वाटर्नरी अमोनियम असलेली फरशीची औषधे, सगळी चालतात. फक्त आधी घाण निघाली पाहिजे. वाळलेल्या शूच्या थराखाली औषध पोचत नाही.

एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. सशाच्या शूमध्ये कॅल्शियम भरपूर असते, ट्रेला पांढरा खर धरतो. तो काढायला व्हिनेगर उत्तम. पण व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो, आणि ब्लीच ओल्या शूवर ओतले तरी घातक वाफा निघतात. म्हणून आधी व्हिनेगरने खर काढा, मग भरपूर पाण्याने धुवा, मग ब्लीच आणि मग पुन्हा पाणी. ससा दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. ट्रे उन्हात कडक वाळल्यावरच परत ठेवा.

मृण्मयी_के
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रात्री तिने पुदिना खाल्ला, सकाळी लेंड्याही चांगल्या पडल्या. आज आमच्या डॉक्टरांशी बोलले, ते कोर्स द्यायला तयार आहेत, बाटलीची टक्केवारी त्यांनी स्वतः वाचून मिलिलिटर लिहून दिले.

एका गोष्टीवर मन अडते आहे. कापसाचे एक जुने फ्लॅनेलचे पांघरूण आहे. तिळू त्याच्यावर डोके टेकवून झोपते. ते काढून घ्यायचे तर तिचा उरलासुरला आधार काढून घेतल्यासारखे वाटते, आणि ठेवायचे तर भीती वाटते. पिंजऱ्यातही सगळीकडे त्याचाच वास आहे. सगळे ब्लीचने धुतले तर तिला काय वाटेल?

लेस्टरकर
मृण्मयीताई, मी इंग्लंडमध्ये राहतो. आमच्याही दोघांपैकी एकीला याच आजाराने नेले. इथे हा आजार सशांच्या डॉक्टरांना चांगला परिचयाचा आहे. फेनबेंडॅझोलची खास सशांसाठीची पेस्ट मिळते आणि सिरिंजवर वजनाच्या खुणा असतात. आमच्या उरलेल्या सशाला डॉक्टरांनी पूर्ण कोर्स दिला. तो अजून धडधाकट आहे.

पांघरुणाबद्दल माझे स्पष्ट मत असे की ठेवा. आम्ही दोघांच्या सगळ्या वस्तू एका दिवसात धुऊन काढायच्या बेतात होतो, तेव्हा इथल्या एका परिचारिकेने थांबवले. ससा हनुवटी घासून वस्तूंवर आपला वास लावतो, त्यावरच त्याला आपले घर ओळखू येते. जोडीदारही गेला आणि घराचा वासही गेला तर तो दोन्हीकडून उघडा पडतो. आम्ही ट्रे रोज धुतला, पण बोगदा, खोका, चटई जशीच्या तशी ठेवली.

अजून एक. शक्य असते तेव्हा गेलेल्या सशाचे शरीर उरलेल्याजवळ थोडा वेळ ठेवावे. तो हुंगतो, ढुशी देतो, आणि पुढे त्याला शोधत फिरत नाही. लागणीच्या भीतीने लोक हे टाळतात. पण एका ट्रेवर राहिलेल्या जोडीत त्या तासाभराने नवीन असे काही घडत नाही. तुमची ती वेळ गेली, पण पुढे कोणी हे वाचेल म्हणून लिहितो.

डॉ_रानजाई
लेस्टरकरांशी मी बहुतांशी सहमत आहे, एक भर घालून. पांघरूण नाकाजवळ नेऊन पाहा. त्यावर शू झालेली असेल, विशेषतः शेवटच्या दिवसांत कापसाला जागेवरच शू होत असेल, तर ते उकळत्या पाण्यात भिजवून धुवावेच लागेल. कोरडे असेल तर राहू द्या. धुवायचेच असेल तर आधी दोन दिवस तिचे स्वतःचे एखादे फडके त्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे वासाचा धागा तुटणार नाही. सगळे एकदम बदलू नका. ट्रे, पाण्याचे भांडे आणि फरशी रोज, बाकीचे हळूहळू.

खरी काळजी तोंडातून जाणाऱ्या शूची घ्यायची. पाण्याचे वाडगे जड आणि थोडे उंचावर ठेवा, म्हणजे त्यात शू उडणार नाही. गवत जमिनीवर न पसरता जाळीत किंवा टोपलीत लावा. बाहेरून आणलेली दूर्वा, घोळ, पालेभाजी धुऊनच द्या. उंदरांतही हा परजीवी सापडतो, त्यामुळे गवताची पोती गॅलरीत उघडी ठेवू नका, झाकणाच्या डब्यात भरा. कोर्स संपताना सगळी जागा एकदा नीट निर्जंतुक करा. औषध थांबल्यावर तिला जुनेच बीजाणू पुन्हा मिळू नयेत म्हणून.

रोज पाहायच्या गोष्टी सांगते. डोके सरळ आहे का. उडी मारताना मागचे पाय घसरतात का. पाठीमागचा भाग ओला राहतो का. पाणी एकाएकी जास्त पिते का. डोळ्यात पांढरा ठिपका दिसतो का. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. मूत्रपिंडाचा त्रास बऱ्याचदा घटत्या वजनातूनच आधी दिसतो.

शू लालसर दिसली तर लगेच घाबरू नका. सशाची शू खाल्लेल्या पाल्यातील रंगद्रव्यांमुळे केशरी, अगदी विटकरीही होते. खात्री हवी असेल तर डॉक्टर पट्टीने रक्त आहे का ते तपासून देतील.

अनघा_ठाणे
मध्येच विचारते. आमच्याकडे ससा आहे आणि सासूबाईंची केमो चालू आहे. हा आजार माणसाला होतो का? घरात सगळे म्हणतात ससा देऊन टाका. सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव आहे, त्याच नको म्हणतात.

सूक्ष्मदर्शी
अनघाताई, होऊ शकतो, पण निरोगी माणसाला याचा त्रास झाल्याचे अगदी विरळ. जे रुग्ण नोंदले गेले ते मुख्यतः एचआयव्ही झालेले, अवयवरोपण झालेले, प्रतिकारशक्ती खूप खालावलेले. केमो त्यात मोडते, म्हणून सासूबाईंच्या कर्करोगतज्ज्ञांना घरात ससा आहे हे स्पष्ट सांगा.

डॉ_रानजाई
आणि ससा देऊन टाकायच्या आधी एवढे करा. ट्रे सासूबाईंनी साफ करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी हातमोजे घालून रोज करायचा. त्यांनी सशाला हात लावला की साबणाने हात धुवायचे. ससा त्यांच्या अंथरुणावर किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर नको. सशाचे रक्त तपासता आले तर तपासा. निकाल हातात घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ते सांगतील तो निर्णय.

पंचगंगा
राम राम. आम्ही कोल्हापूरकडचे. शेतावर पंधरा-वीस ससे आहेत, घरी पाळायला कोणी मागितले तर पिल्ले देतो. एका पिल्लाच्या डोळ्यात पांढरट गाठ दिसते आहे, एकाच डोळ्यात. हे वाचून काळजी वाटली. हाच आजार असेल का?

डॉ_रानजाई
दादा, बरे केलेत विचारलेत. लहान सशाच्या एकाच डोळ्यात पांढरी गाठ दिसली की हा आजार संशयात पहिला असतो. आईच्या पोटात असतानाच परजीवी पिल्लाच्या डोळ्याच्या भिंगात शिरतो, पुढे भिंग फुटते आणि डोळ्याला सूज येते. पिल्लू खेळते, खाते, म्हणून लोक सोडून देतात, पण डोळा दुखत असतो. दाखवा. सुरुवातीला औषधाने भागते, कधी शस्त्रक्रिया करून भिंग किंवा डोळा काढावा लागतो, आणि एका डोळ्याचा ससा छान जगतो.

त्या पिल्लाच्या आईकडून पुढे पिल्ले घेऊ नका. त्या पिल्लाची भावंडे कोणाला देणार असाल तर घेणाऱ्याला हे सांगून द्या. आणि पिंजरे एकावर एक असतील तर मधे पत्रा घाला, वरच्याची शू खालच्याच्या चाऱ्यावर पडते.

एखादा ससा दगावला आणि कारण कळले नाही तर शवविच्छेदनासाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मुंबईकडच्यांना परळ, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर. शरीर बर्फात ठेवून लवकर न्यायचे, फ्रीझरमध्ये गोठवायचे नाही. गोठले की मेंदू-मूत्रपिंडाचे तुकडे नीट तपासता येत नाहीत.

पंचगंगा
पत्रा उद्याच घालतो. पिल्लू गावातल्या डॉक्टरांना दाखवून मग इथे कळवतो. आभारी आहे.

मृण्मयी_के
तिळूबद्दल कळवायचे राहिले होते. कोर्स पूर्ण झाला. मधली पेशींची मोजणी चांगली आली, युरिया-क्रिएटिनिन दोन्ही मर्यादेत आहेत. पांघरूण कोरडे होते, ते तिच्याजवळच आहे. शेवटच्या आठवड्यात ट्रे, जाळी, फरशी सगळे सांगितल्याप्रमाणे केले.

खाणे पूर्ववत झाले आहे, पण पूर्वीसारखी धावत नाही. दिवसभर आम्ही दोघेही कामाला असतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मैत्रिणीकडे एक नर आहे, नसबंदी झालेला, कोणीतरी पिंजऱ्यासकट रस्त्यावर सोडलेला. त्याला आणावे असे फार वाटते. पण तिळूकडून त्याला लागण झाली तर? किंवा त्याच्याकडून तिला?

लेस्टरकर
आणाच असे म्हणेन. ससा एकटा राहण्यासाठी घडलेला नाही. आमच्याकडे नवी आली तेव्हा जुन्याने पहिल्यांदा पळत पळत हवेत उडी मारली, कित्येक महिन्यांनी.

डॉ_रानजाई
मृण्मयीताई, आकडे वाचून समाधान वाटले.

नवा नर आणायला माझी हरकत नाही. घाई मात्र नको. आधी त्याला वेगळ्या खोलीत महिनाभर ठेवा. आपल्याकडे प्रतिपिंडांची चाचणी सगळीकडे मिळत नाही. प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा, मगच रक्त काढा. मिळाली तर दोघांची करा. लागणीनंतर प्रतिपिंडे दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून निकाल नकारात्मक आला तर चार आठवड्यांनी पुन्हा करायची. दोन्ही वेळा नकारात्मक आला तरच लागण नाही असे धरायचे.

दोघेही सकारात्मक निघाले तर प्रश्नच नाही, निश्चिंतपणे जोडी जमवा. तिळू सकारात्मक आणि तो नकारात्मक असेल तर तिच्या कोर्सनंतर आणि स्वच्छतेनंतर धोका बराच कमी झालेला असतो, शून्य होत नाही. हे मैत्रिणीला सांगून मग ठरवा. चाचणी मिळालीच नाही तर त्याचे वजन, मूत्रपिंडाचे रक्त, डोळे, चाल तपासून घ्या. गरज वाटली तर त्यालाही कोर्स देता येईल, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

ओळख करून देताना तिळूच्या खोलीत नको, दोघांनाही अनोळखी अशा जागेत. आधी जाळीच्या दोन बाजूंना, एकमेकांची फडकी अदलाबदल करून. कापसाचे पांघरूण त्या दिवसांत तिच्याच बाजूला राहू द्या. भांडण जुंपले, केस उपटले जाऊ लागले तर लगेच वेगळे करा आणि दोन दिवस थांबा. त्या काळात दोघांचे खाणे आणि लेंड्या पुन्हा रोज पाहा, कारण नवी ओळख हाही ताणच असतो. त्याचे रक्त काढायला नेण्याआधी उपाशी ठेवू नका, सशाला त्याची गरज नसते.

मृण्मयी_के
मैत्रिणीशी आत्ताच बोलले. पुढच्या शनिवारी त्याला घेऊन येतो, वरची खोली रिकामी करून ठेवली आहे. प्रयोगशाळेला सोमवारी फोन करते आणि ती चाचणी कुठे मिळते ते कळले की इथेच लिहिते, इतरांनाही लागेल.

अनघा_ठाणे
नक्की लिहा, मलाही हवे आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांनी ससा घरात ठेवायला परवानगी दिली. ट्रे आता माझा नवरा साफ करतो.